ले-ऑफमध्ये घरी बसवलं तर पगार किती मिळतो? बुटीबोरीतल्या कामगारांसाठी विचारतो आहे

बुटीबोरी_फिटर

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत फिटर आहे. परमनंट होऊन चार वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

मागच्या आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली की कच्चा माल नसल्यामुळे प्रेस शॉप आणि असेंब्लीच्या कामगारांना पुढील सूचनेपर्यंत काम देता येणार नाही. तेव्हापासून आम्ही तिघांकडून तीन गोष्टी ऐकून राहिलो. एचआरवाले म्हणतात घरी राहा, फोन करू. सुपरवायझर म्हणतो पीएलचे, म्हणजे पगारी रजेचे अर्ज भरून द्या, म्हणजे पगार कापला जाणार नाही. टाइम ऑफिसचा क्लार्क म्हणतो अर्धा पगार मिळेल, तोही ४५ दिवस, मग काहीच नाही.

मस्टरवर (कंपनीच्या हजेरीपटावर) आम्ही सत्तरेक परमनंट आहोत, ठेकेदाराची माणसं वेगळी. युनियन नाही. घरभाडं, पोरांच्या शाळेची फी, सगळं डोक्यावर आहे. यातलं नेमकं खरं काय? कोणी माहितगार असेल तर नीट सांगा, मी हा धागा शिफ्टच्या ग्रुपवर टाकणार आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

भाऊ, सगळ्यात आधी एक काम करा. त्या नोटिशीचा फोटो काढा, तारखेसकट. बोर्डावरची नोटीस उद्या काढली जाऊ शकते, आणि तुमचा सगळा हक्क त्या एका कागदावर उभा आहे.

आता कायदा. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये ले-ऑफची व्याख्या होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. व्याख्या आणि मोबदल्याचा भाग जवळपास जसाच्या तसा तिकडे आला आहे. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल साचून पडला, यंत्र बिघडलं, नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणाने मालक मस्टरवरच्या कामगाराला काम देऊ शकत नसेल तर तो ले-ऑफ. तुमच्या नोटिशीत कच्चा माल हे कारण लिहिलेलंच आहे. म्हणजे कंपनीने ते स्वतः लिहून दिलं.

ले-ऑफमध्ये नोकरी सुटत नाही. तुमचं नाव मस्टरवर राहतं, सेवा चालू राहते. आधीच्या महिन्यात कारखान्यात रोज सरासरी ५० किंवा जास्त कामगार असतील, कारखाना हंगामी नसेल आणि तुमची एक वर्षाची सलग सेवा झाली असेल, तर ले-ऑफच्या प्रत्येक दिवसासाठी बेसिक अधिक महागाई भत्ता यांच्या बेरजेचे ५० टक्के तुम्हाला मिळालेच पाहिजेत. मधल्या साप्ताहिक सुट्या तेवढ्या वगळायच्या. सलग सेवा म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस, आणि त्या २४० मध्ये ले-ऑफचे दिवसही धरतात.

पीएलचा अर्ज देऊ नका. पीएल ही तुम्ही कमावलेली रजा आहे. ती भरून दिली की कागदावर ले-ऑफ झालाच नाही, तुम्ही आपल्या मर्जीने सुटीवर गेलात असं होतं. कंपनीची जबाबदारी तुमच्या रजेच्या खात्यातून भागवली जाते आणि दिवाळीला घरी जायला एक दिवस उरत नाही. पोरांना हे नीट समजावून सांगा, कारण ‘पगार कापला जाणार नाही’ हे ऐकायला गोड वाटतं.

मानेवाडा_सेकंड_शिफ्ट

ताई, ४५ दिवसांचं काय? आमच्या इथेही हेच सांगतात की ४५ संपले की कंपनी मोकळी.

सिव्हिल_लाइन्स_वकील

हा गैरसमज इतका पसरला आहे की मोठ्या कारखान्यांचे एचआरही तो मनापासून सांगतात. कायदा असा आहे. बारा महिन्यांत ले-ऑफ ४५ दिवसांच्या वर गेला, तर पुढच्या दिवसांचा मोबदला तेव्हाच थांबतो जेव्हा तसा करार कामगार आणि मालक यांच्यात झालेला असतो. करार नसेल तर ४६ व्या दिवशीही अर्धा पगार लागू आहे. मालकाला आणखी एक वाट आहे. ४५ दिवसांनंतर तो रीतसर कामगार कपात करू शकतो, म्हणजे नोटीस आणि कपातीची भरपाई देऊन, आणि मागच्या बारा महिन्यांत दिलेला ले-ऑफचा मोबदला त्या भरपाईतून वळता करू शकतो. पण ‘४५ झाले, आता घरीही बसा आणि पैसेही नाहीत’ अशी तिसरी वाट कायद्यात नाही.

म्हणून येत्या दिवसांत कोणी काही सही करायला आणलं तर आधी वाचा. ‘४५ दिवसांनंतर मोबदल्यावर हक्क सांगणार नाही’ असं एक वाक्य त्यात असलं की तोच तो करार.

बुटीबोरी_फिटर

ताई, फार आभार. हे कोणी सांगतच नव्हतं. एक विचारतो. हिशेब कसा करायचा? आमच्या स्लिपवर बेसिक कमी आणि भत्तेच जास्त आहेत.

सिव्हिल_लाइन्स_वकील

समजा बेसिक १०,४०० आणि महागाई भत्ता ५,२००. बेरीज १५,६००. २६ ने भागलं तर दिवसाचे ६०० रुपये, त्याचे अर्धे ३००. महिन्यात कामाचे १८ दिवस ले-ऑफ झाला तर त्या दिवसांचे ५,४००, आणि काम केलेल्या ८ दिवसांचा पूर्ण पगार वेगळा. घरभाडे भत्ता, कन्व्हेयन्स, हजेरी बोनस हे या अर्ध्याच्या हिशेबात येत नाहीत.

तुमची अडचण खरी आहे. बेसिक मुद्दाम बारीक ठेवून वरचा पगार भत्त्यांत दाखवला की ले-ऑफमध्ये हातात येणारा अर्धा फारच लहान होतो. मात्र त्याला खालून एक आधार आहे. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता, आणि हा विशेष भत्ता महागाईशी बांधलेला असून दर सहा महिन्यांनी बदलतो. तो म्हणजे महागाई भत्ताच. तुमच्या स्लिपवरचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून तुमच्या उद्योगाच्या किमान वेतनाखाली जात असेल, तर ती एक वेगळी तक्रार आहे आणि ती ले-ऑफची वाट न पाहता करता येते. सगळ्यांच्या स्लिपा एकदा ताडून बघा.

गोळीबार_चौक_काका

पोरांनो, आमच्या घरातल्या दोन पिढ्या मिलमध्ये गेल्या, म्हणून चार शब्द लिहितो.

हा अर्धा पगार कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. १९५३ मध्ये देशभरच्या कापड गिरण्यांत माल साचला आणि हजारो कामगार घरी बसतील अशी वेळ आली. त्याआधी अशा वेळी कामगाराला काय द्यायचं ते देशभर एकसारखं ठरलेलं नव्हतं, गिरणीगणिक वेगळा न्याय होता. व्ही. व्ही. गिरी तेव्हा केंद्रात कामगार मंत्री होते. २४ ऑक्टोबर १९५३ ला वटहुकूम निघाला, मागून कायद्यात दुरुस्ती झाली आणि ले-ऑफचा मोबदला पहिल्यांदा हक्क म्हणून लिहिला गेला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी आणि गिरण्यांचं शहर. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, मॉडेल मिल होती. भोंग्यावर अख्ख्या वस्तीचं घड्याळ चालायचं. त्यामुळे तो वटहुकूम इथे घराघरांत वाचला गेला असणार.

पुढे १९७६ मध्ये त्या कायद्यात आणखी एक प्रकरण जोडलं. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याने ले-ऑफच्या आधी सरकारची परवानगी घ्यायची. १९८४ पासून ती मर्यादा १०० वर आणली, म्हणजे कितीतरी जास्त कारखाने त्यात आले. नव्या संहितेत ती परत ३०० झाली. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. शंभर ते तीनशेच्या मधले कारखाने हिंगण्यात, बुटीबोरीत, कळमेश्वरला भरपूर आहेत, आणि तिथल्या कामगाराच्या डोक्यावरचं ते छत्र निघालं. बुटीबोरी_फिटर, तुझा कारखाना दोन्हींच्या खालीच आहे, तुला परवानगीचा मुद्दा लागू नाही. पण वाचणाऱ्यांत मोठ्या कारखान्यांचे असतील. तीनशेच्या वर असाल आणि कारण वीजटंचाई किंवा नैसर्गिक आपत्ती नसेल, तर परवानगीशिवाय केलेला ले-ऑफ बेकायदेशीर, आणि त्या दिवसांचा पूर्ण पगार लागू होतो.

मानेवाडा_सेकंड_शिफ्ट

काका, नमस्कार. आमचे बाबाही सांगायचे मिलचं.

माझा प्रश्न साधा आहे. आम्हाला गेटवरून परत पाठवतात. बुटीबोरी इथून तीसेक किलोमीटर. रोज पेट्रोल जाळून गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं, हे काऊन करायचं? त्यांनीच तर सांगितलं घरी राहा.

सिव्हिल_लाइन्स_वकील

जायचं. या धाग्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मोबदला कोणाला मिळत नाही, हेही कायद्यात लिहिलं आहे. ले-ऑफच्या काळात जो कामगार दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, कामाच्या तासांत कारखान्यात हजर होत नाही, त्याचा त्या दिवसाचा हक्क जातो. तोंडी ‘घरी राहा’ म्हणायचं आणि दोन महिन्यांनी कामगार आयुक्तांपुढे ‘हे लोक हजरच नव्हते’ असं लेखी द्यायचं, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. त्या वेळी कामगाराकडे दाखवायला काहीच नसतं.

मालकाने हजेरीपट ठेवायचा आणि आलेल्या कामगाराला त्यात नोंद करू द्यायची, हे त्याच्यावर बंधन आहे, ले-ऑफ असला तरी. गेटवर सिक्युरिटी नोंद करू देत नसेल तर सगळ्यांनी मिळून एक पत्र लिहा की आम्ही अमुक तारखांना शिफ्टच्या वेळी हजर होतो, आम्हाला आत घेतलं नाही, नोंद करू दिली नाही. आवक-जावकला देऊन शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, आणि त्याची प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या. गेटवर रोज सगळ्यांनी मिळून एक फोटो काढा, वेळ आणि तारीख दिसेल असा. पेट्रोलचं म्हणाल तर तिघा-चौघांनी मिळून जा.

कंपनीने लेखी दिलं की रोज हजेरीची गरज नाही, तर प्रश्न मिटला, तो कागद सांभाळा. तोंडी शब्दावर एक दिवसही घरी राहू नका.

आणखी एक. शिफ्टच्या सुरुवातीला हजर झालात आणि दोन तासांत काम दिलं नाही तर तो दिवस ले-ऑफचा धरतात. तुम्हाला दुसऱ्या अर्ध्यात या म्हटलं तर अर्धाच दिवस ले-ऑफ. मग दुसऱ्या अर्ध्यातही येऊन काम मिळालं नाही, तर त्या दुसऱ्या भागाचं बेसिक आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो.

कळमेश्वरचा_टर्नर

दुसऱ्या प्लांटला पाठवतो म्हणाले तर जावंच लागतं का? आमच्या मालकाचं दुसरं युनिट हिंगण्याला आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

त्याच गावात किंवा पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आतलं त्याच मालकाचं युनिट असेल, काम तुम्हाला येणारं असेल, त्याला वेगळं कौशल्य किंवा पूर्वानुभव लागत नसेल आणि पगार तोच मिळत असेल, तर नकार दिल्यावर मोबदला जातो. कळमेश्वर ते हिंगणा आठ किलोमीटरमध्ये बसत नाही. तरी नकार देताना लेखी द्या, कारणासह.

गणेशपेठ_स्टोअर्स

आमच्या इथे माल येत नाही कारण पुरवठा करणाऱ्या कंपनीत संप आहे. एचआर म्हणतो संपामुळे ले-ऑफ झाला तर मोबदला नाही. खरं आहे का हे?

सिव्हिल_लाइन्स_वकील

तुमच्याच आस्थापनेच्या दुसऱ्या विभागातल्या कामगारांनी संप केला किंवा काम मंदावलं आणि त्यामुळे तुम्हाला बसवलं, तर मोबदला नाही, एवढंच कायद्यात आहे. पुरवठादार म्हणजे वेगळी कंपनी. तिथल्या संपाचा भुर्दंड तुम्ही का भरायचा? तुमच्यासाठी तो कच्च्या मालाचा तुटवडाच.

हिंगणा_शेड

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका. हिंगण्यात छोटं शेड आहे, २२ माणसं. ऑर्डर थांबली की आम्हीही थांबतो. बँकेचा हप्ता थांबत नाही. पोरांना घरी बसवायची इच्छा कोणाला असते? कायद्याने मी ५० च्या खाली आहे, म्हणजे मला काहीच द्यायचं नाही असं माझा अकाउंटंट म्हणतो. बरोबर आहे का? मला खरंच योग्य ते करायचं आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. अकाउंटंटचं अर्धंच बरोबर आहे. ५० टक्क्यांचं ते कलम तुम्हाला लागू नाही. पण त्याचा अर्थ शून्य द्यायचं असा होत नाही. फायरस्टोन टायर कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ले-ऑफ करण्याचा अधिकार मालकाला आपोआप नसतो. तो करारात, स्थायी आदेशांत (म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या नियमांत) किंवा कायद्यात असावा लागतो. तो नसेल तर कामगाराला बसवलं तरी त्याच्या पगाराची जबाबदारी तशी सुटत नाही. म्हणून ५० च्या खालच्या मालकाने पहिल्यांदा नेमणूकपत्रं बघावीत. त्यात ले-ऑफचा उल्लेखच नसेल तर पूर्ण पगाराचा दावा उभा राहू शकतो.

माझा सल्ला विचाराल तर माणसांना समोर बसवा, ऑर्डरची खरी स्थिती सांगा, किती दिवस आणि किती रक्कम ते ठरवून कागदावर दोघांच्या सह्या घ्या. मंदी संपल्यावर हेच कारागीर तुम्हाला परत लागणार आहेत.

हिंगणा_शेड

धन्यवाद ताई. सोमवारी बसतो सगळ्यांसोबत.

सीताबर्डी_काउंटर

मी सीताबर्डीत एका शोरूममध्ये आहे. नूतनीकरणासाठी महिनाभर दुकान बंद, पगार नाही म्हणाले. आम्ही कारखाना नाही, मग आम्हाला काहीच नाही का?

सिव्हिल_लाइन्स_वकील

ले-ऑफच्या ५० टक्क्यांचं कलम कारखाना, खाण आणि मळा यांच्यापुरतं आहे. दुकान, हॉटेल, मिहानमधलं आयटी ऑफिस त्यात येत नाही. पण वर सांगितलेला फायरस्टोनचा निकाल नेमका तुमच्यासारख्यांच्या कामी येतो, कारण ते प्रकरण दिल्लीतल्या वितरण कार्यालयाचंच होतं. नूतनीकरण हा मालकाचा निर्णय. नेमणूकपत्रात बिनपगारी बसवण्याची अट नसेल तर पगार लेखी मागा. कामगार आयुक्त कार्यालयात तडजोडीसाठी अर्जही करता येतो.

वर्धा_रोड_वाचक

कोविडमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं ना की काम नाही तर पगार नाही?

गोळीबार_चौक_काका

नाही बाबा, तसं नाही सांगितलं. २९ मार्च २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयाने आदेश काढला की टाळेबंदीतही पूर्ण पगार द्या. त्याला उद्योगांनी आव्हान दिलं. १२ जून २०२० च्या आदेशात न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका म्हटलं, आणि मालक-कामगारांनी आपसांत बोलून पगाराचा प्रश्न सोडवावा असं सांगितलं. ले-ऑफच्या अर्ध्या पगाराचं कलम त्याने पुसलं गेलं नाही. हे वाक्य लोकांच्या तोंडी फार चुकीचं फिरलं, आणि अजून कामगारांच्या तोंडावर मारलं जातं, म्हणून लिहिलं.

मानेवाडा_सेकंड_शिफ्ट

बोनस आणि ग्रॅच्युइटीत हे दिवस धरतात का? ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड बंद तर होणार नाही? आईचं औषध सोमवारी पेठेतल्या ईएसआय हॉस्पिटलमधून चालू आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील

बोनससाठी लागणारे कामाचे दिवस मोजताना ले-ऑफचे दिवस काम केल्यासारखे धरतात, आणि ग्रॅच्युइटीच्या सलग सेवेतही खंड पडत नाही. जुन्या ईएसआय कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत ले-ऑफच्या काळात दिलेली रक्कमही येत होती, त्यामुळे त्या पैशांवर वर्गणी भरली जाते का ते बघा. बिनपगारी रजेचा कागदही देऊ नका, तो याचसाठी. कंपनीने तुम्हाला कागदावर बिनपगारी दाखवलं तर वर्गणीही जात नाही, आणि पुढच्या सहामाहीत आईच्या औषधाच्या वेळी अडचण येऊ शकते. मोबाइलवर ईएसआयच्या पोर्टलला वर्गणी दिसते, दर महिन्याला बघत जा.

पैसे दिलेच नाहीत तर थकलेली रक्कम वसूल करून देण्यासाठी सरकारकडे अर्ज करता येतो. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करा. अर्ज मान्य झाला तर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. रकमेवरच वाद असेल तर ते न्यायाधिकरणात ठरतं.

पॅकिंगवाली_बुटीबोरी

ताई, मी पहिल्या पोस्टमधल्या भाऊंसारख्याच एका कारखान्यात आहे, पण ठेकेदाराकडे. पॅकिंगला आम्ही साठ बायका. पाच वर्षं झाली, ठेकेदार तोच. सगळे परमनंटचंच बोलून राहिले. आम्हाला फोनवर सांगितलं येऊ नका, आणि मागच्या महिन्यात काम केलेल्या दिवसांचाही पगार अजून आला नाही.

सिव्हिल_लाइन्स_वकील

ताई, बरं झालं लिहिलंत. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

काम केलेल्या दिवसांचा पगार ठेकेदाराने दिला नाही तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो, आणि तिने तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. त्यासाठी ले-ऑफचा काहीही मुद्दा लागत नाही. हा अर्ज उद्याच करा, ठेकेदार आणि कंपनी दोघांची नावं घालून.

ले-ऑफच्या मोबदल्यासाठी तुमचा मालक ठेकेदार धरला जाईल. त्याच्या मस्टरवर तुम्ही साठ जणी आहात, पाच वर्षं सलग आहात, म्हणजे त्याला ‘या रोजंदारीच्या बायका आहेत’ म्हणून सुटता येऊ नये. बदली किंवा रोजंदारी हा शब्द पगारपत्रकावर छापला म्हणून हक्क जात नाही. बदली कामगारही, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला, एक वर्षाची सलग सेवा झाल्यावर या कलमापुरता बदली राहत नाही. मात्र हजेरीचा नियम तुम्हालाही लागू आहे. फोनवर सांगितलं म्हणून घरी बसू नका. साठ जणींनी गेटवर जा, फोन आला त्या नंबरचा आणि वेळेचा स्क्रीनशॉट ठेवा.

गेट पास, ईएसआयचं कार्ड, पीएफचा यूएएन नंबर, बँकेचं पासबुक जिथे ठेकेदाराच्या नावाने पगार जमा झालेला दिसतो, हे सगळ्या जणींचं गोळा करा. पाच वर्षांची सेवा याच कागदांतून सिद्ध होते. कामगार आयुक्त कार्यालयात जाताना चौघी-पाचजणी मिळून जा, अर्जाच्या तीन प्रती न्या आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज मराठीत, साध्या शब्दांत चालतो. मला इथे निरोप पाठवा, मसुदा मी लिहून देते, पैसे लागणार नाहीत.